वरच्या खोलीतला फ्रीज

मंडळी, ऐका! मी विचारतो, तुम्ही सांगा. घरात सगळ्यात जास्त काय जळतं? गॅस? वीज? — मागच्या आजी म्हणतात, "सून!" अहो आजी, दमानं घ्या, सुनेचंच आख्यान आहे!

तर बार्शीला होते नरहरअण्णा. विजेचं बिल आलं की पारा चढलाच! सून केतकी इंजिनिअर, घरी केक करून विकायची. अण्णा गरजले, "हा ओव्हनच घर खातोय! सोमवारी विकून टाकायचा!"

ओव्हन गेला की तिचा धंदाच बसला! रडली का? छे! म्हणाली, "अण्णा, सोमवारपर्यंत थांबा. चोर मी पकडून देते."

अन् काडेपेटीएवढ्या डब्या केल्या तिनं! प्रत्येक प्लगपाशी एक. मध्ये वायर नाही, काही नाही — कोण किती वीज पितंय ते ही डबी त्या डबीला सांगते, ती पुढचीला, शेवटची सगळं केतकीच्या फोनवर ओतते! आता अशी व्यवस्था आपल्या आळीत आधीपासून आहे की नाही? — बायकांकडे काय बघता, पारावरचे पुरुष कमी आहेत का!

वरची खोली अण्णांची. तिथली डबी सासूबाईंनी स्वतः जाऊन लावली — गालातल्या गालात हसत!

रविवारी निकाल. ओव्हन? बेताचाच. पंप? ठीक. पण एक डबी रात्रंदिवस बोंबलतेय! कुठली? वरच्या खोलीतली!

सगळी वरात जिना चढली. कपाटाआड जुना फ्रीज — घुर्रर्र! दार उघडलं. दूध? नाही. भाजी? नाही. आत गारेगार — काहीच नाही!

सासूबाई म्हणाल्या, "सांगा आता!"

अण्णा पुटपुटले, "वाटणीत आला हा. तेव्हा वामन म्हणाला होता, दादा, हा वर्षभरही टिकायचा नाही! म्हणून... चालू ठेवलाय."

धाकट्या भावाला दाखवायला, मंडळी! अन् वाटणीपासून त्या भावाचं तोंड पाहिलेलं नाही! दाखवणार कुणाला?

केतकीनं तिथल्या तिथं फोन लावून अण्णांच्या हातात दिला. अन् ताठा बघा! "वामन, मी दादा. तो फ्रीज अजून चालतोय!"

पलीकडून रडवेला आवाज आला — "दादा! किती वर्षांनी रे! ...पण कुठला फ्रीज?"

हसा, हसा! अण्णाही हसले — डोळे पुसत, खाली बसून. अन् स्वतःच्या हातानं प्लग उपटला. ओव्हन राहिला.

मंडळी, ज्याच्यावर आपण रुसलोय तो केव्हाच विसरून, जेवून झोपलाय! अन् इकडे आपण रिकामा फ्रीज गार करतोय! तुमच्या वरच्या खोलीत काय घुरघुरतंय? आठवलं ना नाव? मग मांडवाबाहेर जा, लावा फोन! आरती थांबेल — देवाला कसली घाई?