टपावरची काच

नाई, उतरनार नाई ती — तू किती बी म्हन, उतरनार नाई. तिच्या डोक्यावरूनच बसव काच. कोपऱ्याले सरकून बसली ना? मंग? तुहं काम वर, ती बसली खाली, कोनाचं कोनाले काय अडलं? सून होय माही. अपेक्षा. मघाशी गाडी लावून चहाले गेला ना तो टकला, गोपाल, त्याची बायको. अन मी त्याची माय, तानाबाई. ढाणकीच्या अल्याड गाव आमचं, सकाळीच निघालो, पोटात चहाशिवाय काई नाई, म्हनून बोलून राह्यली मी एवढी — उपाशी असली की तोंड बंद राह्यत नाई माहं. काय म्हनतं, तुकडे टोचतीन तिले? टोचू दे. सवय झाली आता. कोन म्हनते काच फुटली की सुऱ्या होतेत? हिचा त साबुदाना झालता, नुसता साबुदाना. अजून निघून राह्यला — सीटच्या फटीत, हिच्या वेनीत, एकदा त माह्या भाकरीच्या पिठात. हसतं कायले? माहा दात गेला असता ना.

ते रबर काढलं का? काढ, काढ, आरामात काढ. पानी जायच्या नळ्या बी साफ कर बरं, त्यातबी साबुदाना असन. अन एक इचारू का भाऊ — रागावू नको — काच लागतेच कायले? पत्रा नाई मारता येत? चांगला जाड पत्रा मार, वरून पांढरा रंग दे, झालं. नाई? गाडी खराब दिसते? गाडीचं रूप पाहाले कोन येऊन राह्यलं बाप्पा. बरं, नागपूरहून आनलीच हाय तुवा काच त काच बसव, पन काळी फिल्म लाव तिले. आतून वर नाई दिसलं पाहिजे, वरून आत नाई दिसलं पाहिजे. वरून आत त बिलकुलच नाई… कोन पाहते म्हनजे? कोनी नाई. कोन पाहनार? ऊन लागते तिले, म्हनून म्हनलं. तू तुहं पेचकस चालव.

ही भोसकं पाडलेली गाडीच पाहिजे होती गोपालले. मी म्हनलं, अरे, डोक्यावर सावली पाडाले घर बांधते मानूस, अन तू टपाले खिडकी कायले घेतं? त म्हने, आई, लग्नात पाहशीन तू. अन पाह्यलं मंग. वरात गावात शिरली त ही पोरगी टपातून कमरेपर्यंत वर निघालेली, गॉगल लावून, दोन्ही हात वर करून नाचून राह्यली. सासऱ्याच्या गावात! आमच्या शेजारची मोतीबाई म्हने, तानाबाई, तुही सून त छपरातून उगवली वं. मी तोंडावर लय नाक मुरडलं, पन खरं सांगू, मले आवडलं होतं. घरात असं हसरं मानूस पाहिजेच होतं. लय हसे ती. आता पाहून नाई वाटत ना तुले? जाऊ दे.

कशानं फुटली? काहून, गोपालनं सांगतलं नाई? काय सांगतलं त्यानं — गोटा पडला? बरं. गोटाच लिहून टाक मंग… आता असा पाहून काय राह्यला माह्याकडे? गोटा कसा पडन रे टपावर, गाडी मारुतीच्या पिंपळाखाली उभी होती, पिंपळाले काय गोटे लागतेत? खोटं बोलता बी येत नाई माह्या पोराले. वांदरीन पडली. झालं? ऐकलं? काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, ही एवढी मोठी वांदरीन.

हिले माहेराहून आनून राह्यलो होतो आमी. गंज दिवस, कितीक महिने, माहेरी होती ती. हिचं… दिवस भरलेले होते, झोळीची दोरी बी मी बांधून ठेवली होती, अन लेकरू पोटातच गेलं. तवापासून बोलनं बंद. एक शब्द नाई भाऊ. जेव म्हनलं की जेवे, झोप म्हनलं की झोपे, पन तोंडातून शब्द नाई. त गावात शिरताना मी म्हनलं, गोपाल, मारुतीपाशी थांबव, नारळ फोडतो अन मंगच घरी नेतो हिले. मी उतरली, गोपाल उतरला, ही मागच्या सीटवर. टपाचा आतला पडदा उघडा होता, ही वर पाहत बसली होती — वरच पाहत राहे ती नेहमी. पिंपळावरून देवळाच्या छतावर वांदरं उड्या मारून राह्यलेले, ते काय नवं हाय? पन मधात तार हाय इजेची. एक कडाड आवाज झाला, मले वाटलं माहा नारळ फुटला. पाह्यलं त नारळ हातातच. अन वांदरीन गाडीवर — अर्धी वर, अर्धी आत लोंबलेली. डोकं खाली, डोळे उघडे, अन सरळ हिच्या तोंडासमोर तिचं तोंड. एवढ्यावर. मी आयुष्यात विसरनार नाई. कोन कोनाले पाहून राह्यलं, समजतच नव्हतं.

ही वरडली नाई. मी वरडली, गोपाल वरडला, सारा पार गोळा झाला, अन ही चुप. दार उघडलं त हिनं ओढनी पोटाशी गच्च धरलेली. मी म्हनलं, लागलं का वं, रक्त हाय का? त हिनं माह्याकडे पाह्यलं अन म्हने — एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलली, भाऊ — म्हने, “आई, याले भूक लागली.” ओढनीत लेकरू होतं. त्या वांदरीनीचं. तिच्या छातीवरून सुटलं अन हिच्या छातीले चिकटलं, कातडं सोलून काढावं तवा सुटन असं… हळू, हळू! काच पाडशीन ना हातातली. मी काई सांगतलं नाई तुले. लेकरू-बिकरू काई नाई. होतं, म्हनलं मी. होतं.

आमच्याकडे वांदर मेलं त असंच नाई टाकत, तुमच्या पुसदले काय करतेत मले माहीत नाई. तिरडी बांधली, गुलाल उधळला, भजनी मंडळ आलं, पाराच्या बाजूले पुरलं. मी सोता कुंकू लावलं तिले, साडीचा तुकडा पांघरला. तवा पाह्यलं मी, डावा कान फाटका होता तिचा. जुना, मधातून चिरलेला, दोन पाकळ्या झालेला. गाडी आमची म्हनून सुतक आमाले, गोपालनं डोकं केलं — म्हनून टकला तो, नाई त केस हायेत त्याले. दहाव्या दिवशी पिंड ठेवला. अन कावळा शिवेना. कावळे बसलेले लाइनीनं, पन एक खाली उतरेना. सरपंच म्हने, ओटा बांधू तिचा. नाई. भजनी मंडळाचे पुंडलिकराव म्हने, दर शनिवारी फुटाने टाकू. नाई. ऊन तापलं, मानसं खाली बसली, गोपाल हात जोडून जोडून थकला. मंग ही पुढं आली, ओढनीत ते घेऊन, पिंडासमोर वाकली अन म्हने, “तुहं लेकरू मी सांभाळीन.” झप. एकदम झप कावळा आला. सारं गाव साक्षीले हाय. आता सांग मले, मानसाले देल्ला शब्द फिरवता येते — चार लोकं बसोतीन, समजावतीन. मेलेल्या मायले देल्ला शब्द कुठं नेऊन परत करशीन?

तुले भेव वाटते का? मले वाटते. खोटं कायले बोलू. तेरवी झाली, गावजेवन झालं, अन दुसऱ्याच दिवशी, दिवस बुडता बुडता, एक वांदरीन आली आंगनात. एकटी. कळप नाई, काई नाई. गाडीवर चढली अन भोसक्यापाशी बसून आत पाहाले लागली. आत कोनी नव्हतं. तरी बसली. रोज येते. अन भाऊ, डावा कान फाटका. मधातून. दोन पाकळ्या. गोपाल म्हनते, आई, भांडतेत ते, छप्पन वांदराचे कान फाटके असतेत. असतीन. मी काई म्हनत नाई. पन मी जिले कुंकू लावलं तिचे डोळे मले माहीत हायेत ना. पुरताना माती मी टाकली. या हातानं.

भोसक्याले पन्नी लावली आमी, चिकटपट्ट्या मारून. सकाळी पाहावं त फाटलेली. दुसरी लावली, ती बी फाटलेली. जाडी मेनकापडाची लावली त तीबी. वांदरच ते, नख हायेत, फाडते. म्हनून म्हनलं ना तुले, पत्रा मार. पत्रा कोन फाडन?

काय सापडलं? आन इकडे. सीटमागच्या खिशात? कैची होय ही. माह्याच घरची, लाल दांडीची, मी सारं घर शोधलं हिच्यासाठी, मोतीबाईनंच नेली म्हनून तिच्याशी बोलनं सोडलं मी. इथं कशी आली… 

थांब जरासं. थांब. ते मेनकापड हाय का रे डिक्कीत, काढलेलं? दाखव. हे पाह्य — हे नखानं फाटलं का? सरळ हाय. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ कापलं हाय, आतून. वांदरं असं कापत नाईत. म्हनजे ही… म्हनजे संध्याकाळी मी तुळशीपाशी असली की ही जाऊन बसे गाडीत. मले वाटे, बसू दे, जीव रमते. कापून ठेवे ही. दाखवत होती तिले. “पाह्य, आज दूध पेलं. पाह्य, आज बोट धरलं.” असंच म्हनत असन, हाय ना? अन मी इथं येऊन तुले म्हनून राह्यली पत्रा मार.

हळू बोल. जवळ ये, तिले ऐकू जाईन. गोपाल चहा प्यायले नाई गेला. फॉरेस्टच्या सायबाले आनाले गेला. आमी दोघांनीच ठरवलं, काल. घरात ठेवता येत नाई म्हनतेत ते, कायदा हाय, नागपूरले नेतीन, तिथं असे अनाथ ठेवतेत, चांगलं पाहतेत म्हने. हिले सांगतलं असतं त आली असती का? म्हनून काचेचं निमित्त केलं. काच बसली, टप बंद झाला, मागची दोन्ही दारं लॉक केले, अन सायबानं हळूच… काय करू मंग मी? तूच सांग. लेकरू ठेवलं त ही दिसामाजी मानसांतून उठून राह्यली, मानसाकडे पाहत नाई, नवऱ्याले जवळ येऊ देत नाई, वरच पाहते. अन नेलं त मुकी होईन परत. एकदा मुकी पाह्यली मी तिले. परत नाई पाहू शकत, भाऊ. मले नातू नको, काई नको, माही सून पाहिजे मले बोलती.

काय? काय पाहून राह्यला वर? कुठं? तुह्या लिंबावर? मले लांबचं नाई दिसत, माह्या डोळ्यात फूल पडलं. वांदर हाय? पुसदचं असन. तुमच्या इथं नाई येत का वांदरं? येतेत ना. एकटंच हाय? कळप असन मागं, पाह्य नीट… नाई? बरं. बरं. कान पाह्य त्याचा. पाह्य म्हनलं ना. उजवा नाई — डावा.

फाटका हाय? मधातून?

ढाणकी कुठं अन पुसद कुठं. गाडीनं आलो आमी, रस्त्यानं, कुठं थांबलो बी नाई. कसं येईन कोनी?

थांब, दाराले हात लावू नको. गाडी हालली. उठली का ही? ऐकलं का रे हिनं सारं? टप त उघडाच होता — मी हळू हळू बोलून राह्यली म्हनते, अन एक एक शब्द तिच्या डोक्यावर पडत गेला. अपेक्षा! अपेक्षा, बाई, माह्याकडे पाह्य, मी काई वाईट नाई वं… सीटवर उभी राह्यली. निघाली वर. अशीच निघालती वरातीत, कमरेपर्यंत, दोन्ही हात वर — असेच. ओढनी सुटली तिची. सोडत नाई ना ते लेकरू? मले नाई दिसत नीट, तू सांग — बोट धरून ठेवलं हाय का त्यानं तिचं? धरलं हाय? अन ही रडून राह्यली का? नाई? मंग काय करून राह्यली?

बोलून राह्यली? कोनाशी?

ठेव ती काच बाजूले. ठेव म्हनलं ना, नाई बसवाची आज. पेचकस बी ठेव. गोपाल आला की त्याले रस्त्यावरच अडव, मी सांगतो काय सांगाचं ते. चाल, आत चाल दुकानात, मी बी येतो. मांगं पाहू नको. मानूस दिसलं की लिंबावरून खाली उतरत नाई ती.