न कापलेले सात कोंब

(खिडकीपाशी पलंगावर आजारी बायको. तिच्या मांडीवरच्या ताटलीत अ‍ॅस्परॅगसचे सात उकडलेले हिरवे कोंब, वर लोणी वितळतंय.)

घड्याळजी: कुणाचाच विश्वास बसणार नाही, तुझा तर मुळीच नाही. पण हे सातही जण आज सकाळी आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आले.

बायको: झालं सुरू. मला भूक नाही हो. जाताना तो सुपाचा वाडगाही न्या.

घड्याळजी: खा म्हणालो का मी? नुसतं ऐक. ऐकताना हात मोकळे नकोत म्हणून एक धरून ठेव. तर, सकाळी वाफ्याकडे बघतो, तर हे वर. काल तिथे मातीला नुसत्या भेगा होत्या. मी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं लावलीत, वेळेच्या बाबतीत मला कोण फसवणार? भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ हातात घेतलं आणि बसलो उकिडवा. मिनिटाला एक बोट वाढत होता हा पहिला.

बायको: मिनिटाला.

घड्याळजी: बरं, दोन मिनिटांना. तुझ्या तब्येतीकडे बघून कमी केलं. शेजारच्या प्लंबरला कुंपणावरून दाखवलं. म्हणाला, काका, एवढा जोर तर माझ्या पंपालाही नाही.

बायको: तो सोमवारपासून बहिणीकडे गेलाय ना?

घड्याळजी: मग त्याच्यासारखा दिसणारा असेल कुणी. मध्ये बोलू नकोस, चाव. लोणी ओघळतंय चादरीवर.

बायको: ...गोड आहे की.

घड्याळजी: पुढे ऐक. तेवढ्यात ह्या पहिल्या कोंबानं माझ्या हनुवटीला अशी धडक दिली की मी मागच्या मागे बसलो. तो ओशाळला बिचारा. उपसून घेतलं स्वतःला मातीतून, नि निघाला. मागोमाग हे सहा, शाळेच्या रांगेसारखे. पायपुसण्याला पाय पुसले.

बायको: तुम्ही कधी पुसत नाही ते.

घड्याळजी: तेच म्हणतो, वळण चांगलं. ओट्यावर चढले आणि पातेल्यात उड्या. पाणी खळाखळा उकळतच होतं. चार मिनिटं, वर तीस सेकंद. बाहेर काढले, लोणी, मीठ, दोन थेंब लिंबू.

बायको: मीठ लागतंय.

घड्याळजी: जास्त झालं?

बायको: तसं नाही हो. लागतंय. ऑपरेशन झाल्यापासून जिभेला नुसता कागद लागत होता. हा कितवा माझा? चौथा?

घड्याळजी: सहावा.

बायको: डोळे का पुसताय?

घड्याळजी: लिंबू उडालं मघाशी.

बायको: एक विचारू? हे आपणहून आले, तर पाणी आधीपासून का उकळत होतं?

घड्याळजी: ...चहासाठी असेल.

बायको: मोठ्या पातेल्यात? पाणी चढवलंत आणि सुरी घेऊन बागेत गेलात. पाणी आधी ठेवायचं, मग कोंब कापायचे, हे मीच शिकवलंय तुम्हाला. आणि मुळं लावताना काय ठरलं होतं? दोन वर्षं एकालाही सुरी लावायची नाही, मुळं धष्टपुष्ट होऊ द्यायची. खायचे ते तिसऱ्या वर्षी. हे दुसरंच आहे.

घड्याळजी: सातच घेतले गं. बाकी सगळे तसेच उभे आहेत. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं की गाडी रुळावर येईल. आणि तू तर सगळंच परत पाठवत होतीस. मग मला...

बायको: मग तुम्हाला वाटलं, तिसऱ्या वर्षी मी नसेन. बाकी सगळं चालवून घेतलं, पण हे साफ खोटं आहे. द्या तो सातवा इकडे.