चालत्या डोंगराची सोयरीक

...अन् वरून मलाच विचारतात हो, "मामा, त्या ड्रॅगनचं पुढं काय झालं?" अरे, मला काय विचारता! मी भांड्याचा दुकानदार माणूस, औश्याच्या बाजारात माझं दुकान, घागर घ्या, परात घ्या, ठोकून बघा अन् घेऊन जा, एवढाच माझा जगाशी संबंध! ड्रॅगन आमच्या सात पिढ्यांत कुणी बघितला नव्हता. पण तुम्हाला सांगतो, आज मला झोपेतून उठवून विचारा, कार्टूनची मालिका बघण्यासारखी कशानं होते, उभ्या उभ्या व्याख्यान देतो! हे दिवस कामून आले? तर मी मामा!

बसा, सांगतो. बसा हो, चहा येऊन राहिलाय.

आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण विठाबाई, कंधारला दिलेली. दाजी किशनराव. विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, जमीन अशी काळीभोर की बघतच राहावं. अन् एकुलतं एक पोरगं, दयानंद. शेतीचीच डिग्री घेतली, शेतीच करतो, कसलं म्हणून व्यसन नाही, बोलणं कमी अन् काम जास्त. आता ह्यात वाईट काय हाय? पण सोयरीक जमंना! पोरीचा बाप येतो, "शेती किती?" विचारतो, "बागायत का?" विचारतो, विहिरीत वाकून पाणी बघतो, अन् चहा पिऊन उठता उठता म्हणतो, "ते सगळं ठीक हाय, पण पोरगा पुण्याला कशात हाय?" अरे, शेत कंधारला अन् पोरगा पुण्याला, मग नांगर काय कुरिअरनं पाठवायचा? तिशी उलटून गेली पोराची. त्याच्या बरोबरीच्यांची लेकरं शाळेत जाऊन राहिली. अक्काचा रोज सकाळी फोन, "निवृत्ती, तू मामा हाईस का कोण हाईस?" दुकानात गिऱ्हाईक उभं, हातात कळशी, कानात अक्का. पोरगं त्यांचं, घर त्यांचं, अन् बेजार कोण? मी! कामून? तर मी मामा!

मग लातूरचं एक घर सापडलं. अमृतराव म्हणून, भला माणूस. पोरगी रुद्राणी, शाळेत चित्रकला शिकवती. मी आपलं भीत भीत म्हणलं, "पोरगा शेती करतो बरं का." तर म्हणले, "चालंल की!" मला वाटलं, माझेच कान वाजले. म्हणलं, "शेती. मातीतली. कंधारला." म्हणले, "चालंल हो! फक्त पोरीची एक अट हाय..." झालं! म्हणलं, आता निघंल लातुरात फ्लॅट नाहीतर सासू-सासऱ्यापासून वेगळं ऱ्हायचं. तर अमृतराव इकडं तिकडं बघून, आवाज बारीक करून सांगतात, "पोरानं एक मालिका पूर्ण बघायची अन् काय आवडलं ते तिला सांगायचं." म्हणलं, "सासू-सुनेची?" "न्हाई हो... कार्टून. 'डोंगर निघाले' म्हणून हाय. जादूबिदू, ड्रॅगनबिगन असतंय त्यात. लाडाचं लेकरू हाय, समजून घ्या पाव्हणं."

कंधारला जाऊन सांगितलं, तर दाजी उसळलेच. "कार्टून? सोयरीक करून राहिलो का बालवाडी काढून राहिलो? पोरगी शहाणी तरी हाय का?" अक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं, असं बघितलं... म्हणाली, "गाढवावर बसून ये म्हणली असती तरी मी ह्याला बसवलं असतं. बघायचं म्हणजे बघायचं! निवृत्ती, लाव!"

आता 'लाव' म्हणजे? मालिका मोबाइलवर, टीव्ही भिंतीवर, अन् मोबाइलमधलं टीव्हीत कसं आणायचं ते घरात कुणालाच येत नाही! दयानंदला येत असंल, पण तो रानात. मला तेवढं येतं, म्हणून दुकानाचं शटर ओढून मी कंधारला मुक्कामाला. घरची बायको म्हणली, "अहो, ऐन लग्नसराईत भांड्याचं दुकान बंद?" म्हणलं, काय करू बाई, मी मामा!

अन् गंमत बघा. कंधारला घराची अन् रानाची लाइन एकच, अन् त्या आठवड्यात लाइट फक्त दिवसाची. लाइट आली की टीव्ही चालू. पण लाइट आली की विहिरीवरची मोटार बी चालू! म्हणजे लाइट आली रे आली, की दयानंद फावडं घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला पळणार, अन् आम्ही तीन म्हातारे टीव्हीपुढं! ज्याची परीक्षा तो वर्गाबाहेर, अन् ज्यांना कुणी विचारणार नाही ते पहिल्या बाकावर! मी म्हणलं, "दाजी, आपण बघून काय उपयोग?" दाजी म्हणले, "आपण बघू अन् त्याला सांगू. तू मामा हाईस, तू ध्यान देऊन बघ."

बघितलं. काय सांगू तुम्हाला... एक राज्य हाय, तिथले डोंगर चालतात. झोपताना डोंगर दाराशी, अन् उठून बघावं तर गायब, पार नदीच्या पल्याड जाऊन बसलेला! अन् एक नकाशे काढणाऱ्याची पोरगी हाय, तिला रोज नकाशा खोडून नवा काढावा लागतो. तिच्या संगतीला एक म्हातारा ड्रॅगन, त्याच्या तोंडातनं जाळ निघत नाही, निस्ता खोकला येतो. अक्का लगेच, "आगं, त्याला अडुळसा पाजा की गं!"

दाजींचं वेगळंच. डोंगर चालायला लागला की ताडकन उठून बसले, "थांबव! थांबव म्हणलं ना! डोंगर ह्याच्या वावरातनं त्याच्या वावरात गेला... मग बांध कुणाचा? मोजणी कोण करणार?" मी म्हणलं, "दाजी, कार्टून हाय." "कार्टून असंल, पण बांध तो बांधच!" अन् तुम्हाला खोटं वाटंल, पुढच्याच भागात त्या राज्यातले दोन गाववाले झाडाखाली बसून त्याच बांधावरून भांडायला लागले! पूर्ण भाग! दाजी मांडीवर थाप मारून म्हणले, "ह्याला म्हणतात! डोंगर चालतो म्हणून खोटं सांगितलं, सांगू दे. पण एकदा सांगितलं ना, मग त्या खोट्याला जागून राहिलेत! न्हाईतर आपल्याकडच्या मालिका... मेलेला नवरा मधेच उठून येतो, अन् कुणी विचारीत न्हाई की तेराव्याचं जेवलो त्याचं काय!" त्या दिवसापास्नं दाजी लाइटच्या आधी येऊन जागा धरायला लागले.

अन् अक्का? अक्का गेली दुष्ट राणीच्या बाजूनं! ती राणी गावोगावचे आवाज चोरून मडक्यात भरून ठेवती. कोंबड्याचं आरवणं, देवळातली घंटा, सगळं मडक्यात. आम्ही तिला शिव्या देऊन राहिलो, अन् मग कळलं, तिचं लेकरू चालत्या डोंगराखाली गेलंय, अन् ती आपली त्याची हाक कुठं सापडती का ते धुंडून राहिली. अक्का पदर तोंडाला लावून जी बसली, त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या, वरणाचा कोळसा! म्हणती, "वाईट न्हाई रे ती. तिला कुणी विचारलंच न्हाई, बाई तुझं काय गेलं म्हणून." आता त्या करपलेल्या वरणाचं भांडं घासलं कुणी? विचारूच नका! भांड्यावाला मामा घरात असल्यावर दुसरं कोण घासणार?

मग माझा क्लास सुरू. दयानंद रानातनं आला की हातपाय धुवायच्या आधी मी त्याच्यापुढं. "सांग, मालिका बघण्यासारखी कशानं झाली? पाठ कर. एक, खोट्याला जागतात. दुसरं, वाईट माणसाला बी दुःख हाय. म्हण!" तो आपला, "हाव मामा, हाव मामा," भाकरी मोडता मोडता. मला वाटायचं, गेली ही सोयरीक! पोराचं लक्षच नाही. अन् एक दिवस दुपारी मी त्याचा डबा घेऊन विहिरीवर गेलो. बघतो तर मोटार चालून राहिली, पाणी हरभऱ्यात जायचं सोडून भलतीकडंच चाललंय, अन् हा पठ्ठ्या स्टार्टरच्या पेटीवर मोबाइल टेकवून, कानात ते वायरीचं घालून, बसलाय! डोळे लाल. मी म्हणलं, "दया, पाणी!" तर माझ्यावरच हात उगारून म्हणतो, "मामा, थांब एक मिनिट, म्हातारा ड्रॅगन पोरीला सोडून जाऊन राहिलाय!" दुसऱ्यांदा बघून राहिला होता हो! पुन्हा पहिल्यापासून! मी मग खाली मान घालून पाणी वळवलं. डबा तिथंच ठेवला अन् आलो. बरं वाटलं मला. म्हणलं, जमतंय आता, पोराचं घर उभं राहतंय.

गेलो लातूरला. अमृतरावांनी मुरमुऱ्याचा सुशीला केलेला, वर शेव, चहा, सगळं. पोरगी येऊन बसली. चांगली, शांत, डोळ्यात हुशारी. मी जोरात म्हणलं, "अमृतराव, अट पुरी केली बरं का! एकट्या पोरानंच नाही, अख्ख्या घरानं बघितली!" अमृतरावांच्या हातातला चमचा खाली पडला. "अख्खी? शेवटपर्यंत? पाव्हणं, आजवर जो येतो तो अट ऐकूनच पळून जातो हो! मग काय राहिलं आता, आजच सुपारी फोडू!" दाजी म्हणले, फोडू! अक्का म्हणली, फोडू! अन् मी बघितलं, पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी बघितलं अन् दयानंदनं बी बघितलं. तोच म्हणला, "आधी मला त्यांच्याशी बोलू द्या."

रीतीप्रमाणं दोघं गच्चीवर. अन् रीतीप्रमाणं जिन्यात कुणीतरी मोठं माणूस बसवावं लागतं. कोण बसणार? अहो, विचारता काय! गुडघे दुखून राहिलेत, हातात थंड चहा, बसलो जिन्यात. ऐकायचं नव्हतं मला, पण कान काय काढून ठेवू?

पोरगी म्हणली, "खरंच बघितलीत?" हा म्हणला, "दोनदा." "काय आवडलं?" आता मी जिन्यात ओठातल्या ओठात पुटपुटून राहिलो, खोट्याला जागतात... वाईट माणसाला बी... तर हा म्हणतो, "ती पोरगी ड्रॅगनला दोरी बांधत नाही. मी वाटच बघून राहिलो, आता बांधंल, मग बांधंल. आमच्याकडं तर कोंबडीच्या बी पायाला दोरी असते. पण तिनं शेवटपर्यंत बांधली नाही. जायचं तर जा म्हणली. ते लई आवडलं." अहो, हे माझ्या क्लासमध्ये नव्हतंच!

मग पोरीचा बारीक आवाज, "खरं सांगू? मला एवढ्यात लग्न करायचं नाही. घरी तसं म्हणलं की आई जेवण सोडते. म्हणून ही अट. अट ऐकली की पोरंच पळतात, माझ्यावर काही येत नाही. तुम्ही बघाल असं वाटलंच नव्हतं." अन् आमचा दयानंद... किती घरांनी त्याला नाही म्हणलेलं, आईनं किती देव पाण्यात ठेवलेले, अन् आता नुसतं 'मग काय, ठरलं' म्हणायचा अवकाश, खाली सुपारी तयार... हा म्हणतो, "बरं झालं सांगितलं. तुम्ही काळजी करू नका."

खाली आला, सगळ्यांपुढं उभा राहिला अन् म्हणला, "मी काही ती मालिका बघितली नाही. पहिल्याच भागात झोप लागली मला. अट पुरी झाली नाही. चला, उठू या." दाजींनी बशी खाली ठेवली. अक्का माझ्याकडं बघून राहिली, "निवृत्ती, तू तर म्हणला होतास..." माझ्या तोंडाशी शब्द आला होता हो, खोटं बोलून राहिला तो, विहिरीवर ढसाढसा रडलाय! पण त्याच्या तोंडाकडं बघितलं अन् गिळला. म्हणलं, "हाव अक्का, झोपतोच तो."

चपला घालून राहिलो, तेवढ्यात रुद्राणी पुढं आली. "बाबा, हे खोटं बोलतायत. ह्यांनी सगळी बघितली आहे. दोनदा." आता घ्या! ज्याला पास व्हायचं तो म्हणतो नापास करा, अन् जिला नापास करायचं ती म्हणती पास! अमृतराव म्हणले, "मग फोडायची का सुपारी?" दोघं एकदम, एका आवाजात, "नाही!" दाजी म्हणले, "मग काय करायचं तरी काय?" पोरगी म्हणली, "ह्या मालिकेचा दुसरा सीझन येणार आहे. तो अख्खा ह्यांच्यासोबत बसून बघायचाय मला. त्यानंतर सांगते." अन् आमचं ध्यान चपलांकडं बघत गालातल्या गालात हसून राहिलं!

तेव्हापास्नं दोघांचं फोनवर बोलणं चालूच हाय. काय बोलतात? डोंगर! अक्का गुरुजींना बोलवायला निघाली, तर दाजी म्हणले, "पंचांगात न्हाई मुहूर्त. तो कंपनीच्या हातात हाय." अन् कंपनी काही सांगंना! चित्रं काढून राहिलेत म्हणतात. रोज सकाळी शटर उचलायच्या आधी मोबाइलमध्ये बघायचं, आला का, अन् कंधारला कळवायचं, नाही आला. हे काम बी माझ्याचकडं. म्हणून म्हणतो, तुमच्यापैकी कुणाची त्या कंपनीत ओळख असंल तर एवढं सांगा हो, ड्रॅगन थोडा वाकडा निघाला तर निघू द्या, डोंगराला रंग कमी लागला तरी चालंल, आम्ही नावं ठेवणार नाही... पण उरका म्हणा, आमचं पोरगं तेहतिशीत चाललंय!