पोदेराचा भोंपू

मुळगावला एक म्हातारी बसमध्ये चढली आणि माझ्या पुढच्या सीटवर, युनिफॉर्ममधल्या एका तरुणाशेजारी बसली.

“गौरेशा, सुविधा गेल्यापासून पोरीचं कसं रे करतोस? तुझी ड्युटी तर उजाडायच्या आधी.”

“होतं, काकी. मी निघालो की गौरवी मागाहून उठते, शाळेत जाते.”

“एवढीशी पोर, एकटी?”

“एकटी नसते.”

“मग कोण येतं? तुझी बहीण?”

“नाही गो. तो सायकलवरून पाव घालणारा नवा पोदेर आहे ना, तो परवा वाटेत भेटला. म्हणाला, तुमची बायको हल्ली पावाबरोबर ती कडक, गोल पावाची काकणंही मागते. पोरीला चहात बुडवून आवडतात म्हणून.”

“कोणाची बायको?”

“माझी. भोंपू वाजला की दारात येते म्हणे. हिरवा गाऊन घालून.”

“अरे देवा! त्याच गाऊनवर ना तिला हॉस्पिटलात नेली?”

“होय.”

“पोर काय म्हणते?”

“काही नाही. मी घरी येतो तेव्हा तिची वेणी घातलेली असते. मला वेणी येत नाही, काकी.”

“आणि पोदेराला तू सांगितलं नाहीस, ती मेली म्हणून?”

“सांगितलं तर तो भिऊन आमच्या दारात यायचा बंद होईल.”

“होऊ दे. पाव दुकानात मिळतात.”

“पाव मिळतील. पण भोंपू वाजला नाही तर ती उठणार कशी?”

“गौरवी?”

“गौरवी नव्हे, काकी.”