नलूच्या घरचा फोन

ऐका गं, अमेरिकेत पार्सिपनी गावात आमच्या शेजारी राहायचे एक वसंतराव आणि त्यांची बायको नलू. घरात राज्य नलूचं. टेक्सासहून दर रविवारी मुलाचा फोन यायचा, तो नलूच घ्यायची. "बाबा मजेत आहेत," हेही तीच सांगून फोन ठेवून द्यायची.

एका रविवारी मी चहाला गेले. टीव्हीवर विलायतेची विनोदी मालिका चाललेली. मला कुठलं इंग्रजी! पण नवऱ्याला झापणारी बायको कुठल्याही भाषेत कळते. मालिकेतल्या बायकोनं नवऱ्याच्या हातातला फोन ओढला, तशा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"अहो, हसा की!" नलू वसंतरावांना म्हणाली.

"पोराचा आवाज ऐकून किती दिवस झाले गं," वसंतराव म्हणाले.

नलूचा चेहरा उतरला. "मग तसं मला बोलायचं नाही का?"

"कधी बोलू?"

तेवढ्यात फोन वाजला. नलूचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. "तुम्हीच घ्या."

वसंतराव नुसते "हो, हो" करत डोळे पुसत राहिले. फोन ठेवला तशी नलूला राहवेना. "काय म्हणाला?"

"मी आजोबा होणार, नलू. आधी बाबांना सांगायचं म्हणून कितीतरी रविवार थांबला होता बिचारा."