भावोजींची रिकामी फेरी

...आणि वर मलाच विचारतात, 'फरक वाटतोय का?' अहो, दुसऱ्याच दिवशी? गोळी पोटात नीट टेकली नाही तोवर बायको चहा घेऊन समोर हजर, 'अहो, फरक वाटतोय का?' काय सांगणार, कप्पाळ? काहीच वाटत नव्हतं हो! तोच तर आजार!

तुम्हाला सांगतो, मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो, हयात गेली त्यात, आणि गेल्या वर्षी मीच बंद पडलो. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे उशीत तोंड खुपसून हुंदके... छे! कामावर जायचो, स्क्रू पिळायचो, जेवायचो. आत सगळं सपाट. लेक शाळेतून धावत आली, 'बाबा, मी लांब उडीत पहिली आले!' मी म्हणालो, 'वा.' ती थांबली, बघत राहिली आणि हळूच म्हणाली, 'बाबा, मी तुला आवडत नाही का आता?' बापाच्या काळजाचं पाणी व्हायला हवं की नको? काहीच वाटलं नाही हो! मग उठलो आणि गेलो डॉक्टरीणबाईंकडे. बाकी काही नको होतं मला, पण पोरगी उडी मारून आली तर छातीत काहीतरी हलायला हवं ना!

बाई शांत. म्हणाल्या, 'मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तेव्हा मधल्या फटीत रसायन सोडते आणि लगेच परत ओढून घेते. ही गोळी ते परत ओढणं अडवते.' म्हटलं, कळलं! पाणी भरतंय, पंप लगेच उपसतोय, तुम्ही पंप धरून ठेवणार. मग संध्याकाळपर्यंत होतोच चालू! 'नाही हो. रसायन काही तासांत वाढतं, पण पेशींना त्याच्याशी जुळवून घ्यायला, नवे जोड बांधायला आठवडे जातात. आणि मनाने बंद करायची नाही.' म्हणजे ते रसायन कमी पडलं होतं ना माझ्यात? 'इतकं सरळ नाही ते. नेमकं काय बिघडतं, हे पूर्ण कळलेलं नाही अजून. पण बऱ्याच जणांना गुण येतो.' घ्या! मी गिऱ्हाइकाला असं सांगून बघू? 'ताई, बिघाड माहीत नाही, पण हा भाग बसवतो, बऱ्याच जणांची चालू झालीय'... पाण्याचा ग्लाससुद्धा विचारणार नाहीत!

आणि घरी काय? चूक माझीच, मीच शिकवलेलं, दुरुस्ती झाली की कपडे न घालता एक रिकामी फेरी चालवायची आणि समोर बसून बघायचं. तर हे माझीच फेरी चालवायला लागले! रोज संध्याकाळी मला खुर्चीत बसवायचं, बायको या बाजूला, लेक त्या बाजूला, आणि समोर मेहुणा. मेहुणा म्हणजे नुसता उत्साह! 'भावोजी, ऐका हं, एक हत्ती असतो...' हत्ती संपला की तिघं पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघणार. 'ओठ हलला!' 'अगं ताई, जांभई होती ती.' तोंडाला कोरड, दिवसभर पेंग, म्हणजे नको ते सगळं पहिल्या आठवड्यात सुरू, आणि हसू? काहीच वाटत नव्हतं हो! लेक मात्र रोज तितक्याच आशेने पुढे वाकायची.

असे कित्येक हत्ती गेले. मग एका संध्याकाळी मेहुण्याने आमच्या मशीनमध्ये आपले कपडे कोंबले आणि दार... काय सांगू तुम्हाला... दार लाथेने लोटलं! आणि माझ्या पोटातून काहीतरी उसळलं, 'अरे गाढवा! दार आहे ते, फुटबॉल आहे का? बिजागरी तुझा बाप बसवणार?' मीच दचकलो, कान गरम. आणि लेक किंचाळली, 'आई, बाबा चिडला!' धावत येऊन गळ्यात पडली, आणि तुम्हाला सांगतो, छातीत हललं. चांगलं गदगदून हललं. रडलो मी, मशीनमधून ओढलेल्या मेहुण्याच्या मळक्या टॉवेलात तोंड घालून.

पुढच्या वेळी बाई खूश. 'छान! भावना काही रांगेत उभ्या राहून येत नाहीत, आधी राग आला तर राग.' तो आलाय तो मुक्कामालाच! दुधावर चिडतो, पंख्यावर चिडतो, हत्ती तर घरात बंदच. परवा बाईंकडून निघताना बायको दारातून परत वळली आणि हळूच बाईंना म्हणाली, 'डॉक्टर, गुण आला हो, नाही कुठे म्हणतेय... पण तो रसायनाचा पंप, आठवड्यातून एखादा दिवस सोडून देता नाही का येणार?'