काळ्याची सुटका

...अडकला होता म्हणे! कोण? आमचा काळ्या कुत्रा! अहो, ज्या कड्यावर त्याचा जन्म गेला, त्या कड्यावर तो अडकंल कसा?

तुम्हाला सांगते, मी माघी, साखरशेतची. कड्याच्या कडेला सपाट कातळ हाय, तेच माझं खळं. नागलीची, म्हंजे तुमच्या नाचणीची, कणसं तिथं वाळत घातलेली, वर्षाची भाकर! माकडं येऊ नयेत म्हणून काळ्या राखणीला. लुगड्याचं फडकं टाकलं की त्यावर बसतो, मी येऊन उचललं तरच उठतो. मी हंडा घेऊन ओहळावर गेले अन् तेवढ्यात आली ही ठाण्याची ट्रेकवाली मंडळी... हेल्मेट काय, दोर काय! पुढचं सगळं मी मागाहून त्यांनीच काढलेल्या व्हिडिओत बघितलं.

‘अय्या, बिचारा किती घाबरलाय! हलतच नाहीये!’ हलंल कसा? कामावर हाय तो! बिस्कीट दिलं, खाल्लं नाय. ‘डिप्रेशनमध्ये आहे गं!’ कसलं डिप्रेशन? परक्याच्या हातचं खायचं नाय, हे मी काठी दाखवून शिकवलंय! पण नाय... अडकला होता म्हणे! बाजूला चांगली पायवाट, तिथनं गुरं उतरतात, तरी ह्यांनी त्याला झोळीत बांधून दोरानं खाली सोडला! तो भुंकतोय, तर म्हणे, ‘बघ, थँक्यू म्हणतोय!’ अहो, शिव्या देत होता तो! मला कळतात त्याच्या शिव्या!

मी वर येते तर काळ्या गायब अन् नागलीवर माकडांची पंगत! हंडा तिथंच टाकला, फडकं उचललं, धावत खाली सडकेवर आले. काळ्या गाडीत, टॉवेलमध्ये, कोंबडी खातोय! म्हटलं, माझा कुत्रा द्या. तर ती प्रतीक्षा म्हणून पोरगी, त्यांची पुढारीण, मलाच दटावते, ‘मावशी, मुक्या जनावराला असं सोडून जातात का? आम्ही ठाण्याला नेतोय, चांगलं घर बघू. तुमचाच कशावरून?’

असा राग आला! फडकं टाकलं सडकेवर. काळ्यानं गाडीच्या खिडकीतनं उडी मारली अन् बसला त्यावर. म्हटलं, आता उठवा! शिट्ट्या मारल्या, कोंबडी नाचवली, सगळ्यांनी मिळून ओढला... तो हलंल तर शपथ! मग ‘सॉरी मावशी.’ सॉरीची भाकर थापू का मी? अर्धी नागली गेली ना माकडांच्या पोटात!

कुत्रा मिळाला, पण कसला मिळाला! त्या कोंबडीनं बिघडवला हो. आता ट्रेकवाल्यांचे बूट वाजले की राखण सोडून कड्याच्या टोकाला जाऊन आडवा होतो अन् कुंई कुंई करतो... अडकला म्हणे! लोक येतात डबे घेऊन, ‘तो व्हिडिओतला कुत्रा कुठंय?’

अन् उरलेली नागली राखत उन्हात कोण बसतंय? मी! मला कोण विचारतंय का, बाई, तू अडकलीस का म्हणून? विचारतात ना... ‘मावशी, जरा सरकता का? फोटोत येताय.’

सरकते. काय करणार?